आबदाराची विद्या

गेल्या माघात, निफाड तालुक्यातल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी द्राक्षांच्या तोडणीची धांदल ऐन रंगात आलेली असताना आणि पडवीत क्रेटची चळत छपराला टेकलेली असताना, माझ्या भाचीने सर्वांदेखत जाहीर केले की, हॉटेल-व्यवस्थापनाची पदवी हाती पडल्यावर ती ना कोणत्या कचेरीत जाईल ना बँकेच्या परीक्षा देईल, तर वाइनचे रीतसर शिक्षण घेऊन सोमेलिये होईल. हा शब्द त्या घराने पूर्वी कधी ऐकला नव्हता. तिने तो समजावून सांगितला तेव्हा माझे दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मामा, तुम्ही एवढी वर्षं मास्तरकी केली, तुम्हीच सांगा हिला. द्राक्षं पिकवायची आम्ही, आणि पोरीनं शिकूनसवरून लोकांच्या टेबलावर बाटल्या वाहायच्या?"

या प्रश्नातली कडवटपणाची धार केवळ प्रतिष्ठेच्या कल्पनेतून आलेली नव्हती, हे त्या घराचा इतिहास ठाऊक असल्यामुळे मला कळत होते. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष-प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले, वाइनवरील उत्पादन-शुल्कात सवलती दिल्या, नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन-उद्याने उभी करण्याचे योजिले, आणि त्या उत्साहाच्या वर्षांत अनेक बागाईतदारांप्रमाणे दाजींनीही दीड एकरात शिराझ लावली, एका वायनरीशी करार केला, कर्ज काढून तारा-खांब उभे केले. २००८ च्या मंदीनंतर मालाला उठाव राहिला नाही. करारनाम्याचा कागद कपाटात राहिला, दोन हंगामांचे पैसे अडकले, आणि अखेरीस त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेल्या वेली मजूर लावून उपटल्या व त्या जागी पुन्हा थॉमसन लावली. ज्या पेयाने घरात एकदा तोटा आणला होता त्याच पेयाच्या पाठीमागे आता घरची मुलगी निघाली होती. तिथे त्या घटकेला मी काही उत्तर दिले नाही. ते उत्तर मी येथे सविस्तर देतो, कारण हा प्रश्न एका घरापुरता राहिलेला नाही.

दाजींनी तिडिकीने वापरलेले 'वाहणे' हे क्रियापद, त्यांच्या नकळत, या पेशाच्या मुळाशीच जाऊन भिडले होते. सोमेलिये हा फ्रेंच शब्द ज्या शब्दापासून निघाला त्याचा अर्थ ओझ्याचे जनावर असा आहे. मध्ययुगीन फ्रान्समध्ये राजपरिवार एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाकडे निघे तेव्हा शिधा, वस्त्रे, भांडी आणि मद्य यांनी लादलेली जनावरे ज्याच्या हवाली असत तो हा मनुष्य. कालांतराने ओझे गेले, जनावर गेले, राजाही गेला, आणि हवाला तेवढा उरला. आपल्याकडे या पदाला नाव नव्हते असे मात्र कोणी समजू नये. शिवकालीन राज्यव्यवहारातील अठरा कारखान्यांत आबदारखाना आहे, शरबतखाना आहे. आबदार म्हणजे पाण्याचा आणि पेयांचा अधिकारी, ज्याच्या हातून आलेला पेला धन्याने निःशंकपणे ओठांना लावावा असा विश्वासाचा माणूस. पुढे इंग्रजी अमदानीत कलकत्त्याच्या बड्या घरांतून पाणी आणि मद्य सोऱ्याच्या साहाय्याने गार करणाऱ्या नोकरालाही हेच नाव होते. मद्यावरील कराच्या खात्याला आपण अबकारी म्हणतो, त्यातही हाच 'आब' आहे. त्या अठरांत दारूखानाही येतो, परंतु तो तोफांच्या दारूचा. स्फोटक आणि मादक अशा दोन्ही वस्तूंना मराठीने एकच नाव दिले, आणि ज्या भाषेने असे नाव दिले तिच्या मनात त्या वस्तूविषयी धास्ती आहे हे मी विसरत नाही; तिच्याकडे मी पुढे येणारच आहे. तूर्त इतकेच की, परक्या शब्दापेक्षा आबदार हा शब्द मला अधिक नेमका वाटतो आणि या लेखात मी तोच वापरणार आहे.

या आबदाराचे काम बाहेरून पाहणाऱ्याला पेल्यात मद्य ओतण्याएवढे दिसते. वास्तविक ते ओतणे हा त्याच्या दिवसाचा अगदी शेवटचा आणि अल्प भाग होय. कोणत्या प्रदेशातील, कोणत्या वर्षीचा, कोणत्या उत्पादकाचा माल किती घ्यावा याची तजवीज, आलेला जिन्नस बारा-तेरा अंश उष्णतेच्या तळघरात वा कपाटात उजेडापासून आणि हादऱ्यांपासून जपून ठेवण्याचा बंदोबस्त, रोजच्या आवकजावकेची खतावणी, मुदपाकखान्याशी मसलत करून पदार्थांना साजेशी यादी तयार करणे, वाढप्यांना शिकवणे, आणि हे सर्व झाल्यावर पाहुण्यासमोर उभे राहून, त्याचा खिसा, त्याची रुची आणि त्याचा संकोच या तिन्हींचा अंदाज त्याला न दुखावता घेणे, असे ते बहुविध काम आहे. बुचातून उतरलेल्या एका दोषामुळे वाइनला कधीकधी ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो, म्हणून प्रथम थोडेसे ओतून पाहुण्याकडून पसंती घेण्याचा शिरस्ता आहे. चांगला आबदार तो दोष पाहुण्याच्या आधी ओळखतो आणि बाटली मुकाट्याने परत नेतो. त्याहून चांगला आबदार, महाग बाटलीवर बोट ठेवणाऱ्या पाहुण्याला, तुमच्या जेवणाला ही अर्ध्या किमतीची अधिक शोभेल, असे सांगण्याचे धैर्य दाखवतो. हा प्रामाणिकपणा कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेला नसतो, परंतु पेशाची सारी अब्रू त्याच्यावर उभी आहे.

शिक्षणाचे म्हणाल तर ते हल्ली इतके पद्धतशीर झाले आहे की, जुन्या वळणाच्या अध्यापकाला त्याचे कौतुक वाटावे. लंडनमध्ये १९५३ साली मद्यव्यापाऱ्यांनी 'मास्टर ऑफ वाइन' या पदवीची पहिली परीक्षा घेतली. एकवीस उमेदवार बसले आणि सहा उत्तीर्ण झाले. आजही तिच्या प्रात्यक्षिकात बारा-बारा वाइनच्या तीन पाळ्या, म्हणजे छत्तीस अनोळखी पेले, परीक्षार्थीपुढे येतात आणि त्यांचे कुल, देश व प्रत केवळ इंद्रियांच्या साक्षीने ठरवावी लागते. १९६९ साली तेथेच वाइन व मद्यविषयक शिक्षणाचा न्यास निघाला, ज्याच्या चार पायऱ्यांचे अभ्यासक्रम आज मुंबई-बंगळूरसारख्या शहरांतूनही शिकवले जातात: पहिली पायरी सहा तासांच्या अभ्यासाची, दुसरी अठ्ठावीस तासांची, तिसरी चौऱ्याऐंशी तासांची, आणि चौथी, पदविकेची, पाचशे तासांची. त्याच वर्षी 'मास्टर सोमेलिये' या पदाची पहिली परीक्षा झाली आणि १९७७ साली त्या परीक्षेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. तिच्यात पंचवीस मिनिटांत सहा वाइन तोंडी वर्णून ओळखायच्या असतात, शिवाय प्रत्यक्ष सेवेची कसोटी वेगळी आणि शास्त्राची तोंडी परीक्षा वेगळी. सगळ्या जगात मिळून या पदाला पोहोचलेली माणसे तीनशेच्या आत आहेत. जेरार्ड बॅसे नावाचा फ्रान्समधील सेंत-एत्येन येथे जन्मलेला एक गृहस्थ इंग्लंडात येऊन वाढपी झाला, या दोन्ही पदव्या त्याने मिळवल्या, आणि जागतिक सोमेलिये स्पर्धेत वारंवार अपयश घेऊन २०१० साली, पन्नाशी ओलांडल्यावर, तो अखेर पहिला आला. मुंबईच्या सोनल हॉलंड २०१६ साली 'मास्टर ऑफ वाइन' झाल्या आणि भारतात राहून ती पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या ठरल्या. माझ्या भाचीच्या खोलीत तिने त्यांचे छायाचित्र लावले आहे.

मुलीने हे काम करावे काय, हा दाजींच्या प्रश्नाचा न उच्चारलेला भाग होता. तो मी थोडक्यात निकालात काढतो. पहिल्या परीक्षेनंतर १९७० पर्यंत एकाही स्त्रीला 'मास्टर ऑफ वाइन' होता आले नव्हते, आणि आपल्या राजधानीत तर मद्य जेथे दिले जाते अशा ठिकाणी स्त्रियांना नोकरीस ठेवू नये असा जुना कायदाच होता; सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ती बंदी घटनाबाह्य ठरवताना, स्त्रीला संरक्षण देण्याच्या नावाखाली तिचा रोजगार हिरावून घेता येणार नाही, असे तत्त्व घालून दिले. रात्रीच्या पाळीनंतर घरी परतणाऱ्या मुलीसाठी वाहनाची आणि सुरक्षिततेची हमी मालकाकडून लेखी घ्यावी, हे मी भाचीला बजावले आहे. त्यापलीकडे या आक्षेपात मला काही तथ्य दिसत नाही.

आता ज्या गोष्टीने माझे स्वतःचे मत बनले तिच्याकडे वळतो. मी मद्य घेत नाही, कधी घेतलेले नाही. परंतु भाचीने अभ्यासासाठी आणलेली पुस्तके मी आवडीने वाचली, आणि वाचता वाचता मला असे दिसून आले की, तिची खरी अडचण जिभेची किंवा स्मरणशक्तीची नसून शब्दांची आहे. परीक्षा इंग्रजीत, ते एक वेळ असो. परंतु वासांची जी प्रमाणभूत सूची विद्यार्थ्याला पाठ करावी लागते तिच्यात गूसबेरी आहे, ब्लॅककरंट आहे, एल्डरफ्लॉवर आहे. निफाडच्या मुलीने गूसबेरी कोठे हुंगावी? शब्दकोश पाहावा तर तो गूसबेरी म्हणजे आवळा असे सांगून मोकळा होतो, आणि वनस्पतिशास्त्रदृष्ट्या व गंधदृष्ट्याही आवळ्याचा त्या फळाशी काडीचा संबंध नाही. ब्लॅककरंट तिला ठाऊक आहे तो आइस्क्रीमचा जांभळा रंग म्हणून. उलट पिकलेल्या जांभळाचा घशाला बसणारा तुरटपणा, डोंगराच्या काळ्या मैनेचा, म्हणजे करवंदाचा, चिकट गोडवा, आमसुलाचा धुरकट आंबटपणा, मृगाच्या पहिल्या सरीने तापल्या मातीतून उठणारा तो वास, जो कनौजचे गंधी शतकानुशतके अत्तरात बांधून ठेवीत आले आहेत, ही सारी तिची स्वतःची संपत्ती. पण त्या सूचीत जांभूळ नाही, करवंद नाही आणि कोकमही नाही. पुस्तकात लाल वाइन 'खोलीच्या उष्णतेला' द्यावी असे लिहिलेले असते, ते युरोपातल्या जुन्या, दगडी, सोळा-अठरा अंशांच्या खोलीला उद्देशून. चैत्रात नाशिकच्या खोलीचा पारा अडतीसावर गेलेला असताना त्या वाक्याचा अर्थ उलटा होतो, आणि ज्या विद्यार्थ्याने ते नुसते पाठ केले तो पाहुण्याला कोमट, डोके धरायला लावणारा पेला देऊन मोकळा होतो.

याच मुक्कामात एका दुपारी भाची स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार पेले मांडून बसली होती, शेजारी थुंकण्यासाठी माझ्या आजोबांच्या वेळची पितळी पिकदाणी घासूनपुसून ठेवली होती, कारण या विद्येत चाखलेले गिळायचे नसते. दाजींच्या मातोश्री, ज्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि ज्यांनी पंढरीची वारी पन्नास वर्षे चुकवली नाही, त्या भाजी निवडत समोरच होत्या. नात म्हणाली, "आज्जी, तू पिऊ नको, नुसता वास घेऊन सांग." मला वाटले त्या पदर नाकाला लावतील. त्यांनी पेला हातात घेतला नाही, नातीने धरलेल्या पेल्यावर किंचित वाकल्या आणि तत्क्षणी म्हणाल्या, "ही ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तसा वास आहे. आणि मागून कच्चा पेरू." तो पेला नाशिकच्या सोव्हिन्यॉ ब्लांचा होता. ढोबळ्या मिरचीला आणि त्या द्राक्षाला तो हिरवा वास देणारे गंधद्रव्य एकाच कुळातले आहे, ही गोष्ट रसायनशास्त्रज्ञांनी उपकरणांनी सिद्ध केली आहे. आणि माळकरी म्हातारीने ती भाजी निवडता निवडता सांगितली. तिला मद्य घ्यावे लागले नाही, इंग्रजी यावे लागले नाही. साठ वर्षे चुलीपाशी उभे राहून जे नाक तयार झाले होते ते अचूक होते.

ज्या समाजात अशी नाके घरोघरी आहेत त्या समाजाने ही विद्या परक्यांकडून उसनी घ्यावी आणि तीही केवळ महानगरातील सधन, इंग्रजी शाळांतून शिकलेल्या मुलांपुरती, हे मला खटकते. आपल्या परंपरेत रसांचे वर्गीकरण नाही असेही नाही. मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय या सहा रसांतील कषाय, म्हणजे आपला तुरट, हा लाल वाइनच्या वर्णनाचा कणा आहे. इंग्रजी पुस्तकांत त्याला टॅनिन म्हणतात आणि तो रस नसून स्पर्श आहे हे समजावून देण्यात पानेच्या पाने खर्ची पडतात, परंतु कच्ची सुपारी किंवा जांभूळ तोंडात टाकलेल्या मराठी मुलाला ते एका शब्दात कळते. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्याचा उल्लेख करताना त्याला कापिशायन आणि हारहूरक अशी देशावरून पडलेली नावे सांगितली आहेत. भूमीवरून मद्याची ओळख पटते हा आज फ्रान्सच्या नावावर जमा असलेला विचार आपल्या राजनीतिशास्त्रात अबकारीच्या तपशिलात आलेला आहे.

याहून मोठे काम पडलेले आहे ते ताटाचे. युरोपीय जेवण एकामागून एक येते: आधी मासा, मग मांस, मग चीज, आणि प्रत्येकाबरोबर त्याची त्याची वाइन; सगळे जोडणीशास्त्र या क्रमावर रचलेले आहे. आपल्या ताटात डावी-उजवी बाजू आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, आमटी, तळण आणि गोड हे सारे एकाच वेळी समोर असते आणि प्रत्येक घास वेगळ्या मिश्रणाचा होतो. यातील प्रत्येक रसाचा वाइनवर होणारा परिणाम मात्र ठरलेला आहे. मिरचीचा दाह मद्यार्काने आणि तुरटपणाने भडकतो, म्हणून कोल्हापुरी रश्शापुढे भारी लाल वाइन म्हणजे आगीत तेल. तेथे किंचित गोडसर, कमी मद्यार्काची शनँ ब्लां अधिक निभावून नेते. मीठ तुरटपणा बोथट करते. आमसुलाच्या सारासारखा आंबट पदार्थ समोर असला आणि वाइनमध्ये तितकी अम्लता नसली तर ती पाण्यासारखी मिळमिळीत लागते. गोडाबरोबर तिच्याहून कमी गोड वाइन कडवट होते, म्हणजे पुरणपोळीसमोर बहुतेक सगळ्याच हरतात. हे सुटे नियम ठाऊक असले तरी ते सगळे एका घासात एकत्र आले म्हणजे काय करावे, हा प्रश्न लंडनचा परीक्षक सोडवणार नाही, कारण तो त्याचा प्रश्नच नव्हे. तो ज्याने मालवणी सारस्वताचे ताट, देशावरची पिठले-भाकर आणि वऱ्हाडातली पाटोडी-रस्सा हे तिन्ही जेवले आहे अशा कोणीतरी सोडवायचा आहे, आणि सोडवून मराठीत लिहून ठेवायचा आहे.

आता त्या धास्तीविषयी. मद्याने या राज्यातील किती संसार धुळीस मिळाले हे मला कोणी सांगायला नको. शाळेत मी ज्यांच्या फीचे हप्ते पाडून दिले त्यांपैकी कित्येक मुलांचे वडील मी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला पडलेले पाहिले आहेत. गावातले दुकान बंद करण्यासाठी आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बायांच्या रांगा मी पाहिल्या आहेत आणि त्या बायांना मी मनोमन नमस्कार केला आहे. राज्यघटनेचे सत्तेचाळीसावे कलम शासनाला दारूबंदीच्या दिशेने प्रयत्न करण्यास सांगते, १९४९ च्या कायद्याप्रमाणे येथे मद्यपानास आजही परवाना लागतो, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्यपानाची कोणतीही मात्रा आरोग्याच्या दृष्टीने निर्धोक म्हणता येत नाही, असे स्पष्ट बजावले. वाइन हृदयाला हितकारक असते हे विक्रेत्यांचे आवडते वाक्य त्यानंतर तरी कोणी उच्चारू नये. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा-भांडारांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत मी होतो, आणि तो निर्णय अमलात आला नाही याचे मला समाधान आहे. मुरमुऱ्यांच्या आणि साबणाच्या शेजारी बाटली मांडली म्हणजे ती कोणी, कशासाठी, किती घ्यावी हे सांगणारा मनुष्यच मधून नाहीसा होतो.

परंतु नेमके याच कारणासाठी मला आबदार हवा आहे. ज्याच्या शिक्षणाची पहिली सवय थुंकून टाकण्याची आहे, जो एका पेल्यासमोर दहा मिनिटे बसून त्यातले गुणदोष कागदावर मांडतो, ज्याला प्रमाणाबाहेर गेलेल्या पाहुण्याला नम्रपणे नाही म्हणण्याची तालीम दिलेली असते, असा मनुष्य आणि गुत्त्यावर पावशेर उपडा करणारा मनुष्य यांच्यात जे अंतर आहे तेच द्राक्षासवाच्या दोन चमच्यांत आणि व्यसनात आहे. या पेशाला धोके नाहीत असे नव्हे. अम्लाने दातांचे पाणी जाते, रात्री मोडतात, मद्याच्या सतत सान्निध्यात दुर्बल मनाचा माणूस वाहवत जातो, आणि २०२० च्या साथीत ज्यांची घ्राणशक्ती गेली अशा आबदारांची उपजीविकाच एका तापाने धोक्यात आली. माझ्या मते अभ्यासक्रमाचा एक पूर्ण भाग मद्यविकाराच्या ओळखीला आणि प्रतिबंधाला दिल्याशिवाय कोणालाही सनद देऊ नये.

आणि असा अभ्यासक्रम कोणी काढावा, यालाही माझ्याजवळ उत्तर आहे. फ्रान्समध्ये उपाहारगृहाचे व्यवसायशिक्षण पुरे केलेल्या विद्यार्थ्याला शासकीय शाळेत, त्याच्या मातृभाषेत, एका वर्षाचा या विषयाचा जोडअभ्यासक्रम घेता येतो. त्यासाठी त्याला श्रीमंत असावे लागत नाही. आपल्याकडे नाशिकला गंगापूर धरणाच्या वाटेवर, देशातील सर्वांत मोठ्या वायनरीच्या शेजारी म्हणावे इतक्या जवळ, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे, जे शेतकऱ्याच्या मुलांना उद्यानविद्या मराठीत शिकवते. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. देशातली बहुतांश द्राक्षे आणि बहुतांश वाइन या राज्यात होते, नाशिक खोऱ्याच्या वाइनला भौगोलिक चिन्हांकन मिळालेले आहे. या तिन्ही-चारी गोष्टी एकमेकींपासून तास-दोन तास ते एका दिवसाच्या प्रवासावर आहेत, आणि त्यांना जोडणारा मराठी माध्यमाचा, एक वर्षाचा, तालुक्याच्या मुलामुलींना परवडेल असा अभ्यासक्रम मात्र नाही. २००१ च्या धोरणात जमीन होती, सवलत होती, उद्यान होते. त्या वाइनची पारख करून ती समजून विकणारा माणूस तयार करण्याची तरतूद त्यात पुरेशी नव्हती, आणि माझ्या दाजींच्या दीड एकराची जी गत झाली तिला इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते असे मी आज खात्रीने म्हणतो. द्राक्षे लावणारे एका वर्षात तयार झाले. मुंबईच्या हॉटेलात उभे राहून, फ्रेंच बाटलीकडे हात जाणाऱ्या पाहुण्याला निफाडच्या शिराझविषयी चार जाणती वाक्ये सांगणारे तयार झाले नाहीत.

हे सारे मी मुक्कामाच्या शेवटच्या रात्री, जेवणे आटोपल्यावर, दाजींसमोर याच क्रमाने मांडले. त्यांनी ऐकून घेतले, होय म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. भाची पलीकडे वही घेऊन बसली होती, तिने बऱ्याच वेळाने, मान वर न करता विचारले, "आप्पा, आपली शिराझ होती तेव्हा सगळ्या ओळी एकदम पिकायच्या का हो?"

"छे," दाजी म्हणाले. "ओढ्याकडच्या उताराला मुरूम आहे ना, तिथल्या सात ओळी आठ-दहा दिवस आधी यायच्या. मणी बारीक, साल जाड. वायनरीचा माणूस यायचा तो सगळा माल एकाच क्रेटीत टाकायला सांगायचा. मी म्हणायचो, अरे, ह्या सातांचा रस वेगळा काढ, ह्याला काळी मिरी चावल्यासारखा वास येतो. कोण ऐकतंय."

"काळी मिरी," भाचीने लिहिले, आणि विचारले, "आणि वरच्या, काळ्या रानातल्या ओळींना?"

दाजी उठून आत गेले, कंदील नव्हे तर आता मोबाइलचा दिवा घेऊन बाहेर आले, आणि मुलीला म्हणाले, चल, कुठून कुठवर होत्या ते दाखवतो.